डांबरी रस्त्यापर्यंत

‘‘आज आपल्या देशाच्या सर्वोच्च पदावर एक आदिवासी महिला...’’ इथपर्यंत मी चौथ्यांदा आले होते, तेव्हा रखमी वयनी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, ‘‘आरती, माझी कंबर लय भरून आलीय गो.’’

मी कागदावरून मान वर केली नाही. पावसाळी हवेने होत असेल, असं काहीतरी म्हणाले. पाणी तापवून शेक घे, म्हणाले. आणि पाचव्यांदा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.

जुलै २०२२ मधली ती बुधवारची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी दिल्लीत राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची मतमोजणी होती आणि मुरबाडला सकाळी मिरवणूक आणि अकराला आमच्या कॉलेजात कार्यक्रम होता. निकाल संध्याकाळी लागणार होता, पण तो काय लागणार हे सगळ्यांना माहीतच होतं. भाषण मी करायचं होतं.

मी तेव्हा एस.वाय.ला होते. मुरबाडच्या मुलींच्या वसतिगृहात राहायचे. कुणी गाव विचारलं की मी वैशाखरे सांगायचे, कारण बस तिथे थांबते. खरं म्हणजे वैशाखऱ्याच्या बसथांब्यापासून आमची भोकरवाडी पाऊण तास आत आहे. मध्ये एक ओढा आणि त्याच्या वाडीकडच्या बाजूला एक टेकाड. वाडीत आम्हा कातकऱ्यांची बावीस घरं. हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. वर्षभर मी तिसऱ्या बाकावर बसले, वह्या पूर्ण केल्या आणि कुणाच्या डोळ्यांवर आले नाही. मला तेच हवं होतं.

जूनच्या शेवटी ओडिशातल्या त्या बाईंचं नाव उमेदवार म्हणून जाहीर झालं आणि सगळं बदललं. पहिल्या दिवशी रुचिता, माझ्या शेजारची मुलगी, आनंदाने म्हणाली, ‘‘तुमचीच बाई आहे ना गं?’’ तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण वर्गातली सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली. म्हणजे माहीत सगळ्यांना होतं. वर्षभर मी लपले असं मला वाटत होतं, एवढंच.

त्यानंतरचा महिना मी मान खाली घालून काढला. कँटीनमध्ये, लायब्ररीत, बसथांब्यावर कुणी ना कुणी माझं अभिनंदन करायचं. मी काय केलं होतं? मी ना तिच्या भाषेची, ना तिच्या जमातीची, ना तिच्या राज्याची. तरी रात्री मी मोबाइलवर तिचे फोटो बघायचे. तिच्या चालण्यात कुठे घाई नव्हती. ते बघून मला बरं वाटायचं आणि तसं वाटतंय हे कुणाला कळू नये असंही वाटायचं.

राज्यशास्त्राचे इंद्रजीत सर मात्र वेगळं बोलले. ते स्वतः शहापूर तालुक्यातल्या एका बौद्धवाड्यातून आलेले, घरातले पहिले पदवीधर. त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि भाषण करायला सांगितलं. मी नको म्हणाले. तेव्हा ते म्हणाले की मीही असाच मागच्या बाकावर बसायचो, चौदा एप्रिलला मला पुढे ढकललं तेव्हा फार राग आला होता, आज त्या ढकलणाऱ्या मास्तरांची आठवण काढतो. मग मला नाही म्हणता आलं नाही. पारंपरिक वेशात ये, असंही त्यांनी सांगितलं.

घरी ही निवडणूक सगळ्यात मनावर घेतली ती माझ्या आईने. तिचं नाव जानी. शाळा तिने पाहिली नाही, पण मतदान एकही चुकवलं नाही. ग्रामपंचायत असो की लोकसभा, ती धुतलेलं लुगडं नेसून ओढा उतरून वैशाखऱ्याला जायची आणि बोटाची शाई आठवडाभर जपायची. मतदानाच्या आदल्या रविवारी मी घरी आले, तर तिने विचारलं की यंदा मतदानाला शाळेत जायचंय की पंचायतीत. मी तिला समजावलं की या निवडणुकीत आपण मत द्यायचं नसतं, आमदार-खासदार देतात. ती थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली.

‘‘मग बरा झाला,’’ ती म्हणाली. ‘‘पानी लय हाय. ओढा उतराया नको.’’

मतांच्या पेट्या विमानाने दिल्लीला जातात आणि पेटीसाठी माणसासारखं वेगळं तिकीट काढतात, हे सरांनी वर्गात सांगितलेलं मी तिला सांगितलं. त्यावर पेटीला खिडकीजवळ बसवतात का, असं तिने गंभीरपणे विचारलं. माझा भाऊ सुरेंद्र आणि वयनी खूप हसले. वयनीला आठवा महिना होता. हसताना ती पोट दोन्ही हातांनी धरायची.

बुधवारी मी भाषण पाठ करायला आणि आईचं हिरवं लुगडं न्यायला वाडीवर आले होते. त्या संध्याकाळी पाऊस थांबलेला होता. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. मी स्वतः त्यातून चालत आले होते. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

पहाटे पाऊस कोसळायला लागला. उजाडल्यावर मी वेणी घालत होते, तेव्हा वयनी बाहेरून आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिच्या पायावर रक्त होतं.

आईने तिला निजवलं, पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. आईने वाडीतल्या किती तरी बायकांची बाळंतपणं केली होती. दिवस भरलेले नसताना असं रक्त दिसलं की ती हात लावत नसे. तिने फक्त सुरेंद्रदादाला सांगितलं, ‘‘बांबू काढ.’’

वाडीत माणसं नव्हती. भाताच्या आवण्या, म्हणजे लावणीची कामं, जोरात होत्या. बाबा आणि इतर गडी तिकडे लांबच्या गावांत मालकाच्या शेतावरच मुक्कामाला होते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांपैकी महादू आजा काठी घेऊन आला. झोळीसाठी दादाने गोधडी काढली, ती जुनी होती. आईने माझ्या पिशवीतून हिरवं लुगडं ओढलं.

‘‘हा नवा हाय. फाटायचा नाय,’’ ती म्हणाली आणि त्याची झोळी बांधायला लागली.

पुढे दादा, मागे आई. मध्ये वयनी, अंगाची जुडी करून. मी बाजूने तिचं डोकं सांभाळत होते आणि महादू आजा पुढे काठीने वाट चाचपत होता. लाल मातीचा नुसता चिखल झाला होता. आई पन्नाशीची, अंगाने काटकुळी, पण तिचा पाय एकदाही घसरला नाही. माझा दोनदा घसरला. वयनी ओरडत नव्हती. दात आवळून श्वास घेत होती आणि मधूनच विचारत होती, ‘‘किती ऱ्हायला?’’

टेकाडावर आंब्याचं एक झाड आहे. आमच्याकडे तिथेच फोनला रेंज मिळते. तिथे दादाने बांबू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि मी फोन काढला. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावला. पलीकडच्या माणसाने नीट विचारून घेतलं आणि सांगितलं की जवळची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलीय, वैशाखऱ्याला पोचायला तास तरी लागेल. तोवर फोनवर सरांचे मेसेज एकामागून एक यायला लागले. पाहुणे लवकर येतायत. दहाला पोच. कुठे आहेस. मी सरांना फोन लावला आणि येऊ शकत नाही म्हणाले. ते वैतागले; आज असं करून चालणार नाही, म्हणाले. मग मी सांगितलं.

मग त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘डांबरी रस्त्यावर किती वेळात पोचाल?’’

मी ओढ्याकडे पाहिलं. वरून तो दिसत होता, तांबडा आणि रुंद.

‘‘ओढा उतरलो तर अर्ध्या तासात,’’ मी म्हणाले.

‘‘उतरा. रस्त्यावर गाडी असेल.’’

ओढ्याच्या काठावर आम्ही थांबलो. काल गुडघाभर असलेलं पाणी आज कमरेच्या वर होतं आणि त्यातून लाकडं वाहत होती. दादा म्हणाला की तासभर थांबू, पाणी उतरेल. आईने झोळीत वाकून पाहिलं. लुगड्याचा हिरवा रंग खालच्या बाजूला काळा पडला होता.

‘‘थांबाया येल नाय,’’ ती म्हणाली.

महादू आजा आधी आत शिरला. काठी रोवायची, पाय टाकायचा, मग हात वर करायचा. त्याच्या हाताकडे बघत दादा आणि आई उतरले. बांबू खांद्यावरून डोक्यावर घेतला. मी झोळीच्या खाली घुसले आणि पाठीने वयनीला वर उचलून धरलं. पाणी माझ्या छातीला लागत होतं. मध्यावर आईचा पाय काहीतरी वाहत आलेलं लागून हलला, बांबू तिरका झाला आणि वयनीचं सगळं ओझं माझ्या मानेवर आलं. मला वाटलं, आता मी बसणार. तेवढ्यात वयनीचा हात झोळीतून बाहेर आला आणि तिने माझी वेणी मुठीत धरली. ती आधारासाठी धरली की मला धरून ठेवण्यासाठी, माहीत नाही. पण मी उभी राहिले. पलीकडचा काठ हाताला लागेपर्यंत तिने ती सोडली नाही.

डांबरी रस्त्यावर मुकेशची जीप उभी होती. मुकेश वैशाखऱ्याचा, वैशाखरे–मुरबाड भाडं मारणारा. त्या दिवशी सरांनी मिरवणुकीसाठी ठरवलेली त्याची जीप सजवलेली होती: पुढे झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट आणि टपावर त्या बाईंचा हात जोडलेला मोठा फोटो. मुरबाडला निघालेली माणसं त्याने उतरवली होती आणि ती रस्त्याच्या कडेला भिजत उभी होती. सरांचा फोन आला होता, एवढंच तो म्हणाला. मागची बाकं त्याने आधीच उचलून टाकली होती. आईने चिखलाचे पाय आत ठेवायला जरा कां-कूं केलं, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मावशी, चढा. गाडी काय, धुतली की झाली.’’

मुरबाडपर्यंतच्या रस्त्यात वयनीने दोनदा डोळे मिटले आणि दोन्ही वेळा आईने तिच्या गालावर चापट मारून ते उघडवले. मी घड्याळ बघत होते. दादा पुढे बसून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला बाजूला व्हायला हात करत होता.

बाजारपेठेत शिरलो आणि अडकलो. मिरवणूक समोरून येत होती. ढोल, लेझीम, पिवळ्या साड्यांतल्या शाळेच्या मुली. आमची सजवलेली जीप पाहून त्यांना वाटलं, आपलीच गाडी आली. माणसं नाचत जवळ आली, कुणीतरी काचेवर गुलाल टाकला. मुकेश हॉर्न वाजवत होता, पण ढोलात तो कुणाला ऐकू जाणार? तेव्हा आईने बाजूचं प्लॅस्टिक वर केलं आणि अंगाचा अर्धा भाग बाहेर काढला. ती ओरडली नाही. जवळच्या ढोलवाल्याच्या दंडाला हात लावून तिने सांगितलं, ‘‘बाबा, आत बाईमानूस हाय. रगत थांबत नाय.’’

त्याने आत पाहिलं आणि टिपरू खाली केलं. मग त्याच्या शेजारच्याने, मग त्याच्या पुढच्याने. ढोल एकेक करून बंद पडत गेले. ओळी दुभंगल्या, मुलींनी भिंतींना पाठी लावल्या आणि मधून आम्ही गेलो. एवढ्या गर्दीत वायपरचा आवाज ऐकू येत होता. एक जाडजूड गृहस्थ, खांद्यावर उपरणं असलेले, जीपच्या पुढे धावत वाट करून देत होते. दवाखान्याच्या फाटकापर्यंत ते धावले. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही.

वयनी वाचली. मूल वाचलं नाही.

मुलगी होती. डॉक्टर वयाने लहान होती, तिने दादाला बाजूला घेऊन हळू आवाजात समजावलं की वार आधीच सुटली होती. काल आला असता तर, असं तिने सुरू केलं आणि मग माझ्याकडे बघून थांबली. बाळंतिणीचा जीव वाचला, वेळेत आणलंत, असं म्हणाली. पण मी पहिलं वाक्य ऐकलं होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास बाबा आले. ते आणि दादा कपड्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन वाडीकडे निघून गेले. मी आणि आई व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. बाहेर फटाके वाजत होते. मी आईला सांगितलं. काल संध्याकाळी वयनीने मला कंबर दुखतेय म्हणून सांगितलं होतं, मी भाषण पाठ करत होते, मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काल ओढ्याला गुडघाभर पाणी होतं.

आई समोरच्या भिंतीकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, ‘‘मला पन सांगितला व्हता तिनं.’’

‘‘कधी?’’

‘‘निजायच्या आधी. मीच म्हनली, सकाळी बघू.’’

ती खरं बोलली की अर्धं ओझं स्वतःच्या डोक्यावर घ्यायला तसं म्हणाली, मला आजही माहीत नाही. मी वयनीला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असं म्हणते, पण खरं तर मला उत्तर नको आहे.

दिवे लागल्यावर दोन तरुण पेढ्यांचा खोका घेऊन आले आणि प्रत्येक खाटेपाशी पेढा देत निघाले. आईच्या हातावर ठेवला. तिने कशाचा म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं की निकाल लागला. आता आई काहीतरी बोलेल, रडेल, पेढा परत देईल असं वाटलं. मला स्वतःला तो खोका भिंतीवर फेकावासा वाटत होता.

‘‘निवडून आली?’’ आईने विचारलं.

‘‘आली, मावशी.’’

‘‘बरा झाला,’’ आई म्हणाली. मनापासून म्हणाली. ‘‘लय लांबून आलीय ती.’’

ती मुलं पुढे गेली. आईने पेढा पदराच्या टोकात बांधला आणि वयनी जागी झाली का बघायला उठली.

इंद्रजीत सर त्या रात्री येऊन गेले. कार्यक्रमाचं ते काही बोलले नाहीत. माझ्याऐवजी रुचिताने कागद वाचला, हे मला नंतर कळलं. बाकावर माझ्या शेजारी पंधरा-वीस मिनिटं बसले. जाताना त्यांनी मला आमच्या वाडीचं नाव विचारलं आणि डायरीत लिहून घेतलं. डायरी खिशात ठेवल्यावर पुन्हा काढली आणि ओढ्याला नाव आहे का, असं विचारलं. मी सांगितलं, आम्ही नुसता ओढाच म्हणतो.

रविवारी वयनीला घरी आणलं. मुकेशने रस्त्यापर्यंत सोडलं. पाऊस ओसरला होता, पाणी पुन्हा गुडघ्यापर्यंत आलं होतं. झोळी आणली होती, पण वयनी तिच्यात बसली नाही. दादाचा हात धरून ती हळूहळू चालत ओढा उतरली आणि टेकाडावर तीनदा टेकली.

सोमवारी सकाळी दिल्लीत शपथविधी होता. मी कॉलेजला गेले नव्हते. दहा वाजता मी फोन घेऊन आंब्याखाली गेले. चित्र सारखं थांबत होतं. घोडे दिसले, मोठा गोल हॉल दिसला, मग ती चालत आली. शपथेची ओळ मध्येच तुटली आणि पुन्हा जोडली गेली तेव्हा टाळ्या चालू होत्या. मला रडू येत होतं आणि ते कशासाठी ते सांगता येत नव्हतं. तिच्यासाठी असावं, काही भाग तरी. मी कुणाला न सांगता ते तिला देऊन टाकलं आणि खाली आले.

घरात वयनी दाराकडे पाठ करून बसली होती. तिचा ब्लाउज पुढून ओला झाला होता. रात्रीपासून दूध उतरलं होतं आणि प्यायला कुणी नव्हतं. आई तिच्यामागे गुडघ्यांवर बसून बाबांच्या जुन्या धोतराची लांब पट्टी फाडत होती. अशी पट्टी घट्ट बांधली की दूध हळूहळू आटतं.

वयनीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

‘‘दिसली का गो ती?’’

‘‘दिसली.’’

‘‘काय नेसली व्हती?’’

‘‘पांढरी साडी. हिरव्या-तांबड्या काठाची.’’

वयनीने ती डोळ्यांपुढे आणून पाहिली असावी. ‘‘चांगली दिसली असंल,’’ ती म्हणाली. आईने पट्टीचं टोक तिच्या काखेखालून पुढे घेतलं, तसे तिने दोन्ही हात वर केले आणि दुसरा वेढा बसेपर्यंत तसेच वर धरून ठेवले.